कोपरानं पाहायचं पाणी

वित्स्केची बोटं पांढरी पडायला लागली त्याला हा तिसरा हिवाळा होता, आणि तळ्याकाठच्या मिर्न्स गावच्या बांधावर ही गोष्ट अजून कुणालाही ठाऊक नव्हती. होऊ द्यायचीही नव्हती. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी आपलं शीड गुंडाळून माळ्यावर जाणार आणि आपण बांधावर किटली सांभाळत बसणार, हे तिला स्वच्छ माहीत होतं. कारण तो नियम तिनंच केला होता.

उन्हाळ्यात या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. पाटीवर, म्हणजे लांबट फळीवर, शीड उभारून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावर धावायची हौस तेव्हा सगळ्यांनाच असते. पोरंटोरं, जर्मन पाहुणे, त्यांची कुत्री, सगळी पाण्यात. पहिलं दव गोठलं की हौस संपते. मग उरतात ते चार हट्टी. वित्स्के होड्यांची आवरणं शिवायची. डाउवे नळ दुरुस्त करायचा आणि दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यांतली दोन वाऱ्याबद्दल असत. हिद्दे सगळ्यांत धाकटा, चाळिशीचा; सकाळचं दूध काढून झालं की गाईंना हूल देऊन पळून यायचा. आणि चौथा सिप्के, सदुसष्ट वर्षांचा, गाळ काढायच्या बोटीवर उभी हयात घालवलेला. पण सिप्के आता पाण्यावर जात नव्हता. तो बांधावर असायचा.

थंडीत अंगाला तितकंसं काही होत नाही. जाड रबरी सूट असतो, डोक्याला टोपडं असतं, आणि माणूस धडपडत असला की आत घामही येतो. खरं मरण हातांचं. जाड हातमोजे घातले तर शिडाची कांब धरवत नाही, म्हणून इथली माणसं हातमोज्याचा तळवा कापून टाकतात आणि उघड्या कातडीनं कांब धरतात. मग वीस मिनिटांत बोटं लाकडं होतात. म्हणून नियम होते. दर अर्ध्या तासानं काठावर यायचं, हातमोजा काढायचा, आणि कुणी तरी म्हणायचं, "दाखव!" अंगठा करंगळीला टेकवून दाखवायचा. टेकला तर परत जा, नाही टेकला तर त्या दिवसापुरतं पुरे. मग बादलीतल्या कोमट पाण्यात हात घालायचे. ते पाणी बांधावरच्या कोरड्या माणसानं बाही वर करून कोपरानं पाहिलेलं असलं पाहिजे, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाहतात तसं. गारठलेले हात खोटं बोलतात, कोपर बोलत नाही.

आणि शेवटचा नियम सगळ्यांत मूर्खपणाचा. बोटांत रक्त परत येताना जी कळ येते तिच्यापुढे दातदुखी बरी. तर त्या कळेला ओरडायचं नाही. जो ओरडेल त्यानं सगळ्यांचे ओले सूट धुवायचे. चार शहाणीसुरती माणसं बादलीत हात घालून, डोळ्यांत पाणी आणून, ओठ चावत उभी राहायची आणि त्याला मर्दुमकी समजायची. वित्स्के तर त्यात सगळ्यांच्या पुढे. वीस वर्षांत तिनं कुणाचा सूट धुतला नव्हता.

सिप्के पाण्यावर होता तोवर "दाखव" म्हणण्याचा मान त्याचा. त्याला नुसता अंगठा टेकवलेला चालत नसे. गाडीच्या आरशाला त्यानं कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा लटकवून ठेवला होता. तो पुढे करायचा. "उघडून दाखव. पुरता. नाटकं नकोत."

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात वित्स्केला पहिल्यांदा तो चिमटा जड गेला. तिनं तो दोन्ही हातांनी कसाबसा उघडला आणि हसून वेळ मारून नेली. पुढच्याच रविवारी सिप्केनं स्वतः चिमटा उघडायला घेतला, तेव्हा तो त्याच्या हातून एकदा निसटला. एकदाच. दुसऱ्या खेपेला उघडला. वित्स्के तेवढ्यावर टपलीच होती.

"सिप्के, तुझं झालं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "उद्यापासून तू बांधावर."

"अगं, निसटला नुसता," हिद्दे म्हणाला.

"पाण्यावर शीड निसटलं असतं म्हणजे? चौसष्टीचा आहे तो. आपण काय त्याला वाहून गेल्यावर सांगायचं?"

डाउवेनं वाऱ्याकडे पाहिलं. सिप्केनं चिमटा खिशात टाकला, शीड सोडलं, गुंडाळलं, आणि दुसऱ्या रविवारी किटली, शेगडी, बादली घेऊन मेंढरांच्या शेजारी बांधावर बसला. तो चिमटा पुन्हा कुणाला दिसला नाही. "दाखव" म्हणायचं काम हिद्देकडे आलं, आणि हिद्दे दहा पावलांवरून ओरडायचा, तोवर त्याचं लक्ष भलतीकडे गेलेलं असायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

डॉक्टरीणबाईंनी वित्स्केला सांगून पाहिलं होतं. हे बरं होणार नाही, थंडी टाळा, लोकरीचे हातमोजे घाला. वित्स्के हो हो म्हणाली आणि घरी आली. टाळायचं म्हणजे काय टाळायचं? जमिनीवर ती पंचावन्न वर्षांची, एकटी, ताडपत्री शिवणारी बाई होती. अशी माणसं गावात पैशाला पासरी असतात. जानेवारीत, शिडाला बर्फाची किनार धरलेली असताना, ती मिर्न्सची वित्स्के होती. तिनं ते दुखणं अंगावर काढायचं ठरवलं.

यंदाच्या जानेवारीत पूर्वेचा वारा सुटला. लव्हाळ्यांत बर्फाचे पापुद्रे कडकड वाजत होते आणि मेंढरं वाऱ्याकडे पाठ करून उभी होती. असा वारा वर्षातून चार दिवस मिळतो. वित्स्केनं सूट चढवला आणि शिडाच्या दोरीला गाठ मारायला बसली. गाठ बसेना. तिनं बोटांकडे पाहिलं. दुसऱ्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती, आणि ती अजून पाण्याला शिवलीसुद्धा नव्हती.

हिद्दे आणि डाउवे केव्हाच पाण्यात गेले होते. वर बांधावरून सिप्के पाहत होता. त्याचं हे पाहत राहणंच तिला तीन वर्षं खात होतं. किटलीवर लक्ष ठेवावं, मेंढरं मोजावीत, तर हा माणूस नजर हटवत नसे.

"काय गं, गाठ का रुसली?" त्यानं हाळी दिली.

तिला एकदम सुचलं. सुचलं तेव्हा तिला स्वतःचं कौतुकही वाटलं.

"सिप्के, खाली ये. आज तू जा."

"कुठे जाऊ?"

"पाण्यावर. माझं शीड घे. हा वारा पुन्हा मिळायचा नाही. मी बघते बांधावरचं."

सिप्के उठून उभा राहिला. मग तो गाडीकडे चालायला लागला, आणि चालता चालता पळायला लागला. तीन हिवाळे झाले, त्याचा सूट गाडीतच होता. घडी करून, मागच्या बाकाखाली, हातमोज्यांसकट. वित्स्केनं ते पाहिलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बोललेला शब्द तोंडात परत घालता येत नाही.

"एक फेरी हं," ती म्हणाली. "अर्धा तास. माझ्या डोळ्यांसमोर."

"हो, आई," सिप्के म्हणाला. ती गाठ त्यानं दोन झटक्यांत मारली.

तिला वाटलं होतं, तो पडेल. खरं सांगायचं तर तिची तशी इच्छाही होती; एकदा तरी पडावा, म्हणजे आपण तीन वर्षांपूर्वी बरोबर होतो असं होईल. सिप्के पडला नाही. पाटीवर उभा राहिला, मागे रेलला आणि बाणासारखा निघाला. हिद्देनं त्याला ओळखलं तेव्हा तो पाण्यावरूनच बोंबलला, "सिप्केकाका! अरे, सिप्केकाका!" डाउवेनं एक हात वर केला. डाउवेच्या मानानं हे भाषणच होतं. फेरी मारून शेजारून जाताना हिद्दे वित्स्केकडे पाहून ओरडला, "देवमाणूस आहेस गं तू!"

वित्स्के बादलीशी बसली. हात काखेत दाबले. सूट काढून कोरडे कपडे घालावेत हे शहाणपण तिला सुचलं नाही असं नाही. पण सूट काढला की कबुली दिल्यासारखं झालं असतं. बोटांत जीव आला की आपणही जाऊ, एवढ्याचसाठी थांबलोय, असं तिनं स्वतःला समजावलं.

अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं झाली आणि सिप्के काठाकडे वळला. तिनं किटलीतलं उकळतं पाणी बादलीत ओतलं, वर तळ्यातलं गार घातलं. आता पाहायचं. बाही वर होईना; मनगटापर्यंत जाड रबर, ते सोलायला दुसरा माणूस लागतो आणि पाच मिनिटं लागतात. सिप्के गुडघाभर पाण्यातून पाटी ओढत येत होता. तिनं हातमोजा काढला आणि बादलीत हात बुडवला. काही कळलं नाही. गार नाही, गरम नाही, काहीच नाही. गारच असणार, ती मनाशी म्हणाली. किटलीत राहिलं होतं तेही तिनं ओतून टाकलं.

सिप्के आला तो हसतच. टोपड्यातून नाक तेवढं दिसत होतं, लालबुंद.

"पाहिलंस? त्या पलीकडच्या खुंटापर्यंत गेलो होतो!"

"पाहिलं. दाखव."

त्यानं अंगठा करंगळीकडे नेला. टेकला नाही. मध्ये दोन बोटांचं अंतर राहिलं. तो जरा वरमला.

"असू दे," वित्स्के म्हणाली. तिला फार बरं वाटलं. "घाल बादलीत. आणि लक्षात आहे ना? ओरडलास तर आज चार सूट आहेत."

"मी ओरडतोय! तू जन्मायच्या आधीपासून मी हात शेकतोय, पोरी." त्यानं दोन्ही हात मनगटापर्यंत बादलीत खुपसले. अशा थंडीत कोमट पाण्याचीही वाफ उसळते. बादलीतून वाफ येत होती, ती रोजच येते.

पहिल्यांदा काही झालं नाही. तो बोलत राहिला. शीड किती हलकं आहे, खुंटापाशी वारा कसा वळतो, आपले गुडघे कसे कुरकुरले नाहीत. मग त्याचा आवाज बारीक झाला.

"कळ आली का?" तिनं विचारलं.

"आली," तो दातांतून म्हणाला. "चांगली आलीय."

"धर. धरून ठेव. आत्ता उतरेल."

"तीन वर्षं झाली ना, सवय गेली." त्याच्या डोळ्यांतून पाणी घळघळ वाहत होतं आणि तो हसत होता. "वित्स्के, एक बोलू? मी तुझ्यावर फार राग धरून होतो गं. रोज रात्री शिव्या देऊन झोपायचो."

"ठाऊक आहे."

"आज गेला. सगळा गेला बघ."

तीन वर्षांत त्या दोघांचं इतकं सरळ बोलणं झालं नव्हतं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणखी थोडा वेळ धर, ती म्हणाली. त्यानं धरलं.

हिद्दे वर आला, हातमोजा ओढून काढला आणि "सरका, मलाही जागा द्या" म्हणत बादलीत बोटं घातली. तो इतक्या जोरानं किंचाळला की मेंढरं उधळली.

"अगं, उकळतंय हे! काढ! सिप्केकाका, हात काढा!"

त्यानं सिप्केचे हात धरून बाहेर ओढले. उजव्या हाताची कातडी मनगटापाशी सुरकुतली होती, ओल्या कागदासारखी. सिप्के त्या हातांकडे पाहत राहिला. तो अजूनही ओरडला नव्हता. तोवर काठावर आलेल्या डाउवेनं आणि हिद्देनं त्याला दोन्हीकडून धरून खाली नेलं आणि त्याचे हात परत तळ्यात घातले, त्याच बर्फाच्या पाण्यात. मगच तो ओरडला. ते ओरडणं वित्स्केनं बांधावर उभ्या उभ्या ऐकलं. तिच्या पांढऱ्या बोटांवरही भाजल्याचा लाल डाग उठला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. तिनं हातमोजा चढवला.

करावं एकानं आणि भरावं दुसऱ्यानं. सिप्के दोन आठवडे इस्पितळात होता. मांडीची कातडी काढून उजव्या हातावर लावली. वित्स्केला कुणी बोललं नाही. हिद्देनं उलट समजूत घातली: तू कोपरानं पाहिलंस तेव्हा ठीक असेल, किटली मागून ओतली गेली असेल, गडबडीत होतं माणसाकडून. वित्स्केनं मान हलवली. एकदा हलवलेली मान नंतर थांबवता येत नाही.

फेब्रुवारीत ती साखरेचा पाव घेऊन सिप्केच्या घरी गेली. तो खिडकीशी बसला होता, दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांत. कॉफीच्या कपात नळी घातलेली होती. तिनं पावाचा तुकडा मोडून त्याच्या तोंडाशी नेला.

"ठेव तिथं," तो म्हणाला. "शेजारीण येईल पाचला. ती भरवते."

तिनं तुकडा बशीत ठेवला.

"कशानं पाहिलंस पाणी?" सिप्केनं विचारलं.

"कोपरानं."

"सूट होता तुझ्या अंगावर."

तिनं बशीतला तुकडा उगाच सरकवला.

"आत जा. फ्रीझरमध्ये पालकाची पिशवी आहे, घेऊन ये."

"पालक कशाला आता?"

"घेऊन ये, म्हणतो ना."

तिनं ती आणली. "धर," तो म्हणाला. "दोन्ही हातांनी. खाली ठेवायची नाही." भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं गेली. मग तो म्हणाला, "दाखव."

तिनं पिशवी ठेवली आणि हात पुढे केले. बोटं मेणासारखी झाली होती. अंगठा करंगळीच्या वाटेवर अर्ध्यातच थांबला. सिप्के वाकून, जवळून, नीट पाहत होता, पूर्वी पाहायचा तसा.

"किती हिवाळे?"

"तीन."

त्यानं हिशेब केला. त्याला फार वेळ लागला नाही.

"म्हणजे तू मला माझ्या हातांपायी बांधावर नाही बसवलंस," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांपायी बसवलंस."

वित्स्के रडायला लागली. रडताना नाक पुसायला तिला रुमाल सापडेना, सापडला तर बोटांत धरवेना. सिप्केनं तिला रडू दिलं. त्याला तिची दया आली नाही, आणि का यावी?

"मी सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. "डाउवेला, हिद्देला. आजच."

"सांगशील?"

"हो."

"सांगितलंस तर ते तुला बांधावर बसवतील. किटलीशी. माझ्या जागेवर." त्यानं मान हलवली. "तिथं मी तुला बसू देणार नाही. पाण्यावर तुझे हात मेले तर तू बुडशील. एकटी. बांधावर मेले तर काय होतं ते मी पाहतोय. तू तुझं पाणी घे, वित्स्के. तेच हवं होतं ना तुला?"

"मग मी काय करू?"

"पाव घेऊन जा. मला गोड चालत नाही."

डिसेंबरात पुन्हा पूर्वेचा वारा आला. वित्स्केनं उन्हाळाभर ठरवलं होतं की जायचं नाही, आणि गेली. बांधावर सिप्के होता. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती, पण बाही कोपराच्या वर दुमडलेली, त्या गारठ्यात. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तो बादलीत एकदा कोपर घालायचा, थांबायचा, पुन्हा घालायचा. गाडीच्या आरशाला लाकडी चिमटा परत लटकत होता.

अर्ध्या तासानं तिघं काठावर आले. सिप्केनं चिमटा काढला.

"हिद्दे, उघड. पुरता." हिद्देनं उघडला. "डाउवे." डाउवेनं उघडला आणि वारा वाढेल असं म्हणाला.

वित्स्के पुढे झाली. हातमोजा काढून तिनं हात समोर धरला. बोटं पांढरी होती, कुणीही पाहिलं असतं तर दिसली असती. बोलायचं असतं तर हीच वेळ होती. तिनं सिप्केकडे पाहिलं. त्यानं चिमटा मुठीत मिटला आणि खिशात टाकला.

"तुझं राहू दे," तो म्हणाला.

"बघ, डाउवे," हिद्दे कौतुकानं म्हणाला, "एवढं होऊनसुद्धा काकांचा हिच्यावर केवढा विश्वास!"

सिप्केनं बादलीत कोपर घातलं. थांबला. चमचाभर गार पाणी वाढवलं, पुन्हा कोपर घातलं, आणि बादली तिच्यापुढे सरकवली. वित्स्केनं हात बुडवले. पाणी कसं आहे ते तिला कळेना. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि तो मेंढरांकडे पाहत होता.